पोलिसांची मोटारसायकल : जादा पैसे नेमके कशाचे?

अमेरिकेत मोटारसायकल पोलीस व्हायचे तर गाडी भरधाव चालवता येऊन भागत नाही, आधी ती हळू चालवता यावी लागते. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या सार्वजनिक सुरक्षा केंद्राचा या कामाचा पायाभूत अभ्यासक्रम ८० तासांचा, म्हणजे दोन आठवड्यांचा आहे. असल्या प्रशिक्षणाचा मोठा भाग मोकळ्या वाहनतळावर नारिंगी शंकू मांडून त्यांच्यामधून गाडी काढण्यात जातो. पावणेचारशे किलोंच्या आसपास वजनाची हार्ले माणसाच्या चालण्याच्या वेगाने, हँडल पूर्ण वळवून, पाय जमिनीला न टेकवता फिरवायची. क्लच पूर्ण सोडायचा नाही, पूर्ण दाबायचाही नाही. मागच्या ब्रेकवर पाय हलका ठेवायचा, आणि नजर शंकूवर नव्हे तर जिथे जायचे तिथे. गाडी पडते, पुन्हा पडते. ती कंबर न मोडता उचलायची कशी, हा सुरुवातीच्या धड्यांपैकी एक असतो. तापलेल्या डांबरावर तासभर हा खेळ चालला की क्लचचा जळका वास येऊ लागतो आणि मागच्या सिलिंडरची धग मांडीला लागते.

पोलिसांच्या टूरिंग मोटारसायकलींची चर्चा निघाली की बोलणे अश्वशक्ती, कमाल वेग आणि शोरूमची किंमत यांवरच येऊन थांबते. गाडीचा खरा कस मात्र या शंकूंमध्ये लागतो, नाहीतर चौकात इंजिन चालू ठेवून उभे राहताना. महामार्गावरचा पाठलाग महिन्यातून एखादा. वळणे, थांबणे, उभे राहणे आणि पुन्हा निघणे मात्र रोज शेकडो वेळा. म्हणून दर पिढीगणिक महाग होत जाणाऱ्या या गाड्यांची वाढीव किंमत वसूल होते का, हा प्रश्न या रोजच्या कामावर घासून पाहायला हवा.

माझे मत आधीच सांगतो. थांबणे, थंड राहणे आणि विजेचा भार सोसणे या कामांत नवी गाडी जुनीपेक्षा उजवी असेल, तर जादा पैसे द्यावेत आणि कुरकूर न करता द्यावेत. बाकी ज्या गोष्टींसाठी हौशी प्रवासी पैसे मोजतो, त्या पोलिसांच्या खरेदीत बहुतेक वेळा वाया जातात. आणि मॉडेल कितीही चांगले असले तरी त्याचे पहिले वर्ष दुसऱ्यांना वापरू द्यावे.

या मताला सर्वात मोठा विरोध कावासाकीच्या एका गाडीचा आहे, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करतो.

अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात लिंकन येथे कावासाकीचा कारखाना आहे. तिथे १९८२ पासून २००५ पर्यंत केझेड १००० पोलीस ही गाडी तयार होत होती. ९९८ सीसीचे, हवेने थंड होणारे, चार सिलिंडरचे इंजिन आणि साधे कार्ब्युरेटर. एवढ्या वर्षांत तिच्यात नाव घेण्याजोगा बदल जवळजवळ झालाच नाही. जगभर मोटारसायकलींत पाण्याने थंड होणारी इंजिने आली, इंधन इंजेक्शन आले, एबीएस आले. ही गाडी मात्र १९८० च्या दशकात होती तशीच राहिली. तरीही पोलीस दले ती घेत राहिली. याचे कारण भावनिक नव्हते. पंधरा वर्षांपूर्वीच्या गाडीचा क्लच लिव्हर कालच्या गाडीला बसे. कार्यशाळेतल्या मिस्त्रीला तिचा प्रत्येक नट पाठ होता. भंगारात निघालेल्या गाडीचे भाग काढून दुसरी उभी करता येई. नव्या माणसाला जुन्या गाडीवर शिकवून नव्या गाडीवर बसवले तरी त्याचे हातपाय चुकत नसत. गाडी जितकी वर्षे बदलत नाही तितकी ती सांभाळायला स्वस्त पडते, हे केझेडने चोवीस वर्षे दाखवून दिले.

कावासाकीला ही जागा मिळाली, त्यामागे हार्लेचा पडता काळ होता. हार्लेच्या स्वतःच्या इतिहासाप्रमाणे १९०८ साली डेट्रॉइट पोलिसांनी तिची गाडी घेतली आणि तेव्हापासून ही कंपनी पोलिसांना गाड्या पुरवत आहे. १९६९ मध्ये एएमएफ या कंपनीने हार्ले ताब्यात घेतली आणि पुढच्या दशकात गाड्यांचा दर्जा घसरला. इंजिनातून तेल गळणे हे हार्लेचे लक्षणच होऊन बसले. पोलिसांच्या गाडीला हे परवडत नाही. कॅलिफोर्निया हायवे पेट्रोलने कावासाकीकडे मोहरा वळवला. ‘चिप्स’ ही दूरचित्रवाणी मालिका १९७७ ते १९८३ या काळात चालली आणि तिने कावासाकीवरचा तो पोलीस घराघरांत पोहोचवला. १९८१ मध्ये कंपनीच्याच अधिकाऱ्यांनी हार्ले परत विकत घेतली, १९८४ च्या सुमारास नवे इव्होल्यूशन इंजिन आले आणि कॅलिफोर्नियाचे कंत्राटही हार्लेकडे परत आले. नव्या मॉडेलने जादा किंमत पुरती फेडल्याचे हे ठळक उदाहरण आहे. त्याला कारण त्याची चमक नव्हती. ते इंजिन गळत नव्हते आणि रस्त्यात बंद पडत नव्हते, एवढेच.

मग केझेडसारखी गाडी आज का चालणार नाही? उत्तर एका शब्दात सांगायचे तर ब्रेक.

बीएमडब्ल्यूने १९८८ मध्ये के १०० या गाडीवर मोटारसायकलींसाठीचे एबीएस पहिल्यांदा बाजारात आणले. चाक जखडले जात आहे हे ओळखून ब्रेकचा दाब क्षणभर कमी करायचा आणि पुन्हा वाढवायचा, हे काम ही यंत्रणा सेकंदाला अनेक वेळा करते. चारचाकीचे चाक जखडले तर गाडी घसरते. दुचाकीचे पुढचे चाक जखडले तर माणूस खाली येतो. अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या महामार्ग सुरक्षा संस्थेने एकाच मॉडेलच्या एबीएस असलेल्या आणि नसलेल्या गाड्यांची तुलना केली. एबीएस असलेल्या गाड्यांमध्ये प्राणघातक अपघातांचे प्रमाण २२ टक्के कमी निघाले. आधीच्या अभ्यासांत हा फरक याहून मोठा दिसला होता. मी सावध आकडा धरतो, तरीही तो प्रचंड आहे. पोलीस तर पावसात, सांडलेल्या डिझेलवर, रात्रीच्या अंधारात कामावर असतो, आणि समोरचा वाहनचालक घाबरून काय करील याचा नेम नसतो. एबीएस नसलेली गाडी स्वस्त मिळते म्हणून घेणे म्हणजे त्याच्या हाडांवर बचत करणे.

एबीएसनंतर कलत्या गाडीचा कोन मोजून ब्रेक सांभाळणारी यंत्रणा आली. वळणावर झुकलेल्या गाडीचा ब्रेक एकदम दाबला तर ती सरळ उभी राहू पाहते आणि वळण सोडून बाहेर जाते. नवी यंत्रणा कलण्याचा अंदाज घेऊन दाब बेताने वाढवते. बीएमडब्ल्यूच्या आरटी या टूरिंग मालिकेत ती आहे, आणि हार्लेच्या टूरिंग गाड्यांवर २०२० पासून तशीच मिळते. हिच्यासाठीही पैसे द्यावेत असे मला वाटते, कारण वळणावर अचानक काहीतरी आडवे येणे ही पोलिसांच्या बाबतीत रोजची शक्यता आहे.

याच ब्रेकच्या गोष्टीला दुसरी बाजूही आहे. बीएमडब्ल्यूने २००१ च्या सुमारास आर ११५० आरटीवर विजेवर चालणारी ब्रेकची मदतयंत्रणा बसवली. लिव्हर दाबला की आतून मोटरीची घरघर ऐकू येई. महामार्गावर ब्रेक झकास लागत. पण वाहनतळात हळू वळताना ते हवे त्याहून जोरात पकडत, आणि वीज गेली की उरलेला ब्रेक फार कमजोर पडे. ज्या माणसाचा दिवस हळू वळण्यातच जातो त्याला हे कसे मानवावे? पाच-सहा वर्षांतच बीएमडब्ल्यूने ही मदतयंत्रणा काढून टाकली आणि पुन्हा साधे एबीएस ठेवले. नव्या पिढीतली हुशारी पुढच्या पिढीत कंपनीलाच मागे घ्यावी लागली. मधल्या काळात ज्या दलांनी त्या गाड्या घेतल्या त्यांनी ती किंमत भरली.

हार्लेची गोष्ट याहून साधी, म्हणून अधिक बोलकी आहे. २००८ ते २०११ च्या टूरिंग गाड्यांचे ब्रेक अचानक निकामी होत असल्याच्या तक्रारींवरून अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा प्रशासनाने २०१६ मध्ये सुमारे ४ लाख ३० हजार गाड्यांची चौकशी सुरू केली. २०१८ मध्ये कंपनीने अमेरिकेतल्या सुमारे १ लाख ७५ हजार गाड्या परत बोलावल्या. दोष कसला होता? ब्रेकमधले तेल दर दोन वर्षांनी बदलायचे असते. ते वेळेवर बदलले नाही तर एबीएसच्या झडपांवर साका धरतो, आणि लिव्हर दाबूनही ब्रेक लागत नाही. एबीएस नसलेल्या गाडीत जुने तेल म्हणजे थोडा मऊ ब्रेक. एबीएस असलेल्या गाडीत त्याच आळसाचा अर्थ ब्रेकच नाही असा होऊ शकतो. म्हणजे नवी यंत्रणा घेतली की तिच्या देखभालीचे वेळापत्रकही विकत घ्यावे लागते. ते न घेता नुसती गाडी घेणारे खाते फसते.

आता उष्णतेचा मुद्दा. चौकात उभा असलेला पोलीस इंजिन बंद करत नाही, कारण दिवे, बिनतारी संच, रडार आणि आता टॅबलेट हे सारे त्या विजेवर चालते. फोर्डने पोलिसांच्या मोटारींसाठी एक हिशेब दिला होता: इंजिन एक तास चालू ठेवून उभे राहणे म्हणजे सुमारे ३३ मैल, म्हणजेच ५३ किलोमीटर चालवल्याइतकी झीज. मोटारसायकलीला तो तंतोतंत लावता येणार नाही, पण दिशा तीच. मीटरवर ४० हजार मैल दिसणाऱ्या गाडीचे इंजिन प्रत्यक्षात त्याहून बरेच म्हातारे असते. हवेने थंड होणाऱ्या मोठ्या व्ही आकाराच्या इंजिनाची तर उभे असताना घुसमटच होते, आणि त्याची धग थेट वरच्या माणसाच्या मांड्यांना.

हार्लेने यावर काढलेला उपाय मला मनापासून आवडतो. गाडी फार तापली आणि उभी असली की मागच्या सिलिंडरला इंधन देणेच थांबवायचे. इंजिन एकाच सिलिंडरवर धकधकत राहते आणि माणसाच्या मांडीजवळचा सिलिंडर जरा निवतो. पुढे इंजिनाच्या डोक्याभोवती तेल किंवा पाणी फिरवून ते थंड ठेवण्याची सोय आली आणि २०१७ च्या गाड्यांपासून मिलवॉकी-एट हे नवे इंजिन आले. बीएमडब्ल्यूच्या आडव्या सिलिंडरांना वारा दोन्ही बाजूंनी लागतोच, शिवाय २०१४ च्या आर १२०० आरटीपासून त्यांनाही पाण्याची साथ मिळाली. शोरूममध्ये या सुधारणा दिसत नाहीत, चाचणीच्या फेरीतही जाणवत नाहीत. उन्हाळ्यात आठ तास कामावर असलेल्या माणसाला त्या पहिल्याच आठवड्यात कळतात.

क्लचचे तसेच. २०१३ पर्यंतच्या बीएमडब्ल्यू आरटीच्या आडव्या सिलिंडरांच्या बॉक्सर इंजिनांना एका चकतीचा कोरडा क्लच असे. लांबच्या प्रवासाला उत्तम. पण शंकूंमधले हाफ क्लचचे काम त्याला सोसत नसे. चकती जळली की ती बदलायला गाडीचा मागचा अर्धा भाग सोडवून वेगळा करावा लागे. कार्यशाळेत दुभंगून ठेवलेली गाडी म्हणजे दोन दिवस तरी हजेरीवर खाडा. पाण्याने थंड होणाऱ्या नव्या इंजिनाबरोबर बीएमडब्ल्यूने तेलात बुडालेला क्लच दिला आणि तोही इंजिनाच्या पुढच्या बाजूला, हाताला सहज येईल असा. जाहिरातीत या बदलाला एक ओळ मिळाली असेल. पोलिसांच्या खात्यासाठी त्या पिढीतला सर्वात मोलाचा बदल तोच होता.

याउलट काही सुधारणा पोलिसांच्या कामाशी संबंध नसलेल्या आहेत. २०२१ च्या आर १२५० आरटीवर सव्वादहा इंची रंगीत पडदा आला आणि समोरच्या वाहनापासून अंतर आपोआप राखणारा क्रूझ कंट्रोल मिळू लागला. सुट्टीत आल्प्स ओलांडणाऱ्यासाठी हे सुख आहे. वाहतुकीतून वाट काढत जाणाऱ्या पोलिसाला अंतर राखणारी यंत्रणा हवी कशाला? पडद्याचेही तेच. गाडीवर आधीच बिनतारी संच, रडार आणि टॅबलेट लागलेले असतात. आणखी एक पडदा म्हणजे नजर रस्त्यावरून हटायला आणखी एक निमित्त, आणि गाडी पडली की फुटायला आणखी एक महागडी वस्तू. पोलिसांची गाडी पडणारच. तिचे पुढचे-मागचे संरक्षक दांडे आणि सहज बदलता येणारी झाकणे यांवर खर्च केला तर तो परत मिळतो.

इंजिनाची ताकद हाही असाच मुद्दा. १९९० च्या दशकातली आर ११०० आरटी ९० अश्वशक्तीची होती. आर १२५० आरटी १३६ अश्वशक्तीची आहे आणि २०२५ मध्ये आलेली आर १३०० आरटी १४५ ची. पण मला विचाराल तर शंभराच्या वरची बहुतेक ताकद पोलिसांच्या रोजच्या कामात पडून राहते. होंडाची एनटी ११०० साधारण १०० अश्वशक्तीची, २३८ किलोंची आणि बीएमडब्ल्यूपेक्षा स्वस्त आहे. तिला शाफ्ट नाही, साखळी आहे, म्हणजे साखळीची निगा आली. ती निगा राखण्याची शिस्त असलेल्या खात्याला ही गाडी पुरेशी ठरते.

वजनाला मात्र मी फार किंमत देतो. आर १२५० आरटी इंधनासह २७९ किलोंची, हार्ले तिच्याहून जवळजवळ शंभर किलोंनी जड. हार्लेची बैठक खाली आणि तिचे वजनही खाली, त्यामुळे हळू चालवताना ती नवख्यालाही बरी वाटते. पण पडल्यावर उचलायला शंभर किलो म्हणजे शंभर किलोच. गुडघा आणि कंबर यांच्या दुखण्यावर माणूस सहा महिने खुर्चीतल्या कामावर गेला, तर गाडीच्या किमतीतली बचत कुठे गेली हे कोणीच हिशेबात मांडत नाही.

मिशिगन राज्य पोलीस दर वर्षी पोलिसांच्या वाहनांच्या चाचण्या घेतात आणि निकाल सर्वांसाठी खुले ठेवतात. त्यांत मोटारसायकलीही असतात: वेग पकडणे, कमाल वेग, थांबण्याचे अंतर, ग्रॅटन येथील शर्यतीच्या मार्गावरच्या फेऱ्या. अमुक गाडी घ्या असे ते सांगत नाहीत, आणि ते योग्यच आहे. सार्वजनिक खरेदीसाठी अशी प्रामाणिक आकडेवारी फार कमी देशांत मिळते. पण या चाचण्यांची जडणघडण मोटारींच्या चाचण्यांतून आली आहे. चार तास उभे राहिल्यावर मांडीजवळ किती धग होती, शंकूंमध्ये पाचशे फेऱ्यांनंतर क्लच किती उरला, हे मोजले गेले तर महाग आणि स्वस्त यांतला फरक वेगळाच दिसेल.

पहिल्या वर्षाची गाडी घेऊ नये, या मताला २०१४ ची आर १२०० आरटी कारण आहे. क्लच आणि थंडाव्याच्या बाबतीत मी जिचे कौतुक केले तीच गाडी. ती बाजारात येऊन काही महिनेच झाले होते. इलेक्ट्रॉनिक सस्पेन्शनमधला मागच्या शॉकअब्सॉर्बरचा दांडा तुटू शकतो असे आढळले आणि बीएमडब्ल्यूने मालकांना गाडी चालवणेच थांबवायला सांगितले. पुढे भाग बदलून मिळाले आणि गाडी उत्तम ठरली. पण ज्याच्या ताफ्यात फक्त त्याच गाड्या होत्या, त्याने तोवर काय करायचे?

आणि काही वेळा दोष पोलिसांच्या सामानामुळेच उघडा पडतो. ब्रिटनमध्ये होंडाची पॅन युरोपियन एसटी १३०० अनेक दलांच्या ताफ्यात होती. सामानाच्या पेट्या, मागचा खोका, बिनतारी यंत्रणा असा भार लादलेली ही गाडी अति वेगात डोलू लागते, अशा तक्रारी आणि एका पोलिसाचा मृत्यू यांनंतर २००७ मध्ये अनेक दलांनी ती रस्त्यावरून काढून घेतली. सामान्य ग्राहकांत त्या गाडीचे नाव विश्वासू म्हणूनच होते. शोरूममधल्या गाडीची कीर्ती पोलिसांच्या गाडीला जशीच्या तशी लागू होत नाही. खरेदीआधीची चाचणी पूर्ण सामानासह व्हायला हवी, हा धडा ब्रिटनने फार महागात घेतला.

गाडीचे नावच बंद पडण्याचा धोकाही आहेच. पोलारिस या कंपनीने जानेवारी २०१७ मध्ये आपल्या व्हिक्टरी मोटारसायकलींचे उत्पादन गुंडाळले. सुटे भाग दहा वर्षे देण्याचे जाहीर केले खरे, पण त्या गाड्या घेतलेल्या खात्यांची पुनर्विक्रीची किंमत त्याच दिवशी घसरली असणार.

पुनर्विक्री हाच हिशेबातला विसरला जाणारा रकाना. मी एक काल्पनिक उदाहरण मांडतो, आकडे केवळ समजण्यासाठी. समजा, जुन्या धाटणीची गाडी १८ हजार डॉलरला मिळते आणि नवी २४ हजारांना. फरक ६ हजारांचा. पाच वर्षांनी जुनी ६ हजारांना विकली जाते, नवी ९ हजारांना. फरक ३ हजारांवर आला. पाच वर्षांत माणूस त्या गाडीवर ५ हजार तास बसला, तर तासाला फरक पडतो ६० सेंटचा. त्या माणसाच्या एका तासाचा खर्च, पगार आणि भत्ते धरून, समजा ६० डॉलर. नवी गाडी पाच वर्षांत कार्यशाळेत फक्त पन्नास तास कमी राहिली तरी ३ हजार वसूल. उलट, ती सुट्या भागांसाठी दोन आठवडे जास्त उभी राहिली तर सारा फायदा गेला. म्हणजे गाडीच्या किमतीहून तिच्या खाड्यांचा आकडा मोठा आहे. हार्ले अमेरिकेत टिकून राहण्याचे एक कारण इथेच आहे: तिथे तिच्या जुन्या गाडीलाही गिऱ्हाईक असते, गावोगावी विक्रेता असतो आणि काही विक्रेते पोलिसांना थेट भाड्याने गाडी देतात. झडपांच्या फटी तपासण्याचे कामही तिला नाही. बीएमडब्ल्यू चालवायला सरस, पण कुशल मिस्त्री ऐंशी मैलांवर असेल तर ते सरसपण कागदावरच राहते. कॅलिफोर्नियाचे दल १९९० च्या दशकाच्या अखेरीस बीएमडब्ल्यूकडे गेले आणि त्यानंतरच्या दशकांत दोन्ही नावे तिथे येत-जात राहिली. मला यात धरसोड दिसत नाही. दर वेळी हिशेब नव्याने मांडला की उत्तर बदलू शकते.

हा सारा प्रश्न परदेशातला असला तरी आपल्याकडे त्याचे जुळे भावंड आहे, आणि ते बुलेट. ताफ्यापुढे धावणारी, बंदोबस्तात उन्हात उभी असलेली बुलेट पाहतच आपण वाढलो. जुन्या बिडाच्या इंजिनाच्या बुलेटला गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला असे. २०१० च्या आसपास ती पिढी संपली आणि पायांची कामे उलटी झाली. वीस वर्षे एका सवयीने चालवणाऱ्या हवालदाराला ऐन वेळी चुकीचा पाय दाबण्याचा धोका आला. त्याच्या प्रशिक्षणाचा खर्च खरेदीच्या कागदावर कुठे दिसतो? २०२० मध्ये बीएस-६ आले तेव्हा दुचाक्यांवर इंधन इंजेक्शन आले. पॉइंट घासून, प्लग पुसून गाडी चालू करणाऱ्या मिस्त्रीच्या हातात आता स्कॅनर लागतो. नवी गाडी निःसंशय चांगली आहे, पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक आहे, ती कमी गळते, कमी रुसते. पण स्कॅनर आणि तो वापरणारा माणूस जिल्ह्याच्या मोटार परिवहन विभागात नसेल, तर ती चांगली गाडी कोपऱ्यात उभी राहणार आणि वेळ आली की निर्लेखनाच्या यादीत जाणार.

आपल्या जिल्ह्यांत पोलिसांची वाहने बऱ्याचदा जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून येतात. पालकमंत्र्यांच्या हस्ते हिरवा झेंडा दाखवला जातो, फुलांचे हार घातलेल्या गाड्यांची रांग निघते आणि दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो. मला त्या समारंभाबद्दल तक्रार नाही, पोलिसांना गाड्या मिळायलाच हव्यात. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्यांच्या नोंदणीचे नूतनीकरण होत नाही, त्यामुळे पुढेही खरेदी होत राहणार. भारतात १२५ सीसीवरच्या दुचाक्यांना २०१९ पासून एबीएस सक्तीचे झाले, पण एकाच, म्हणजे पुढच्या चाकापुरते एबीएस दिले तरी तो नियम पाळला जातो. बीट मार्शल पावसाळ्यात, तेलकट रस्त्यावर, मागे जोडीदार बसवून फिरत असतो. त्याच्या गाडीला दोन्ही चाकांचे एबीएस असावे, एवढी एक ओळ निविदेत घालायला कोणाची परवानगी लागत नाही.

हा लेख वाचणाऱ्यांत कोणी जिल्हा नियोजन समितीवर असेल, कोणी पोलीस खात्यात असेल, कोणी पत्रकार असेल. पुढच्या वेळी मोटारसायकलींच्या खरेदीचा प्रस्ताव समोर आला, तर किंमत पाहण्याआधी आधीच्या गाड्यांची लॉगबुके मागवा. प्रत्येक गाडी वर्षात किती दिवस उभी होती ते मोजा. नव्या प्रस्तावात पाच वर्षांच्या देखभालीचा रकाना आहे का ते बघा, नसेल तर प्रस्ताव परत पाठवा. आणि आज ताफ्यात असलेल्या प्रत्येक गाडीच्या ब्रेकमधले तेल शेवटचे कधी बदलले, त्याची तारीख लेखी मागा.